समाजशास्त्र घेऊ का? उद्यमनगरातल्या एका मुलाला उत्तर

पत्र थोडक्यात असं : लिहिणारा मुलगा 19 वर्षांचा, कोल्हापुरातला. वडिलांचं शिवाजी उद्यमनगरात छोटं मशीन शॉप आहे. तीन लेथ, एक ड्रिल, फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचं जॉबवर्क. बारावी सायन्सला 58 टक्के. सीईटी दोनदा दिली, मनासारखं काही मिळालं नाही, म्हणून वर्षभर वडिलांच्या शेडमध्ये बसतो आहे. याच वर्षात मामेबहिणीचं बी.ए.चं समाजशास्त्राचं पुस्तक हाती लागलं आणि दोन रात्रींत वाचून झालं. आता याच विषयात पदवी घ्यायची त्याच्या मनात आहे. वडील म्हणतात, "समाजशास्त्र शिकून समाज काय पगार देणार हाय व्हय तुला? डिप्लोमा कर, न्हाईतर लेथवर उभा ऱ्हा." आत्याचं म्हणणं, घेऊ दे, एमपीएससीला सोपा विषय आहे. मित्र म्हणतात, पोरींचा विषय. आई काहीच बोलत नाही. कोल्हापुरात राहून हा विषय शिकण्यात अर्थ आहे का, की पुण्या-मुंबईलाच जावं, हाही प्रश्न त्याला आहे. शेवटी तो लिहितो : "आमच्या शेडमध्ये चहा येतो तेव्हा दोन ग्लास कायम खिडकीत वेगळे असतात. कुणी तसं ठेवायला सांगितलेलं मी कधी ऐकलं नाही, तरी रोज तिथंच असतात. हे लक्षात आल्यापासून मला चैन नाही. मी चुकतोय का? आणि पप्पांना कसं पटवू?"

सव्वातीन पानांच्या पत्रात दीड पान पप्पांवर आहे, पाऊण पान सीईटीवर, आणि ज्या विषयासाठी घरात एवढी ओढाताण चालली आहे त्याच्या वाट्याला मोजून पाच ओळी आल्या आहेत. त्यातल्या चार खिडकीतल्या ग्लासांच्या. मला विचारशील तर सगळं पत्र त्या चार ओळींत आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

कुणी सांगितलं नाही, तरी ग्लास रोज तिथंच असतात. पहिल्या वर्षी समाजशास्त्राची जी व्याख्या तुला लिहावी लागेल तिचे शब्द याहून जड असतील, पण विषय हाच. सांगणारा दिसत नाही आणि तरी सगळे ऐकतात, असं जे काही आपल्या भोवती असतं त्याचा हा अभ्यास. फ्रान्समधल्या एमिल दुर्खीम यांनी त्याला सामाजिक तथ्य म्हटलं. 1897 मध्ये त्यांनी आत्महत्येसारख्या अगदी खासगी वाटणाऱ्या गोष्टीचे आकडे धर्म, लग्न, लष्करी नोकरी अशा गटांप्रमाणे ताडून पाहिले आणि दाखवून दिलं की माणसं एकमेकांशी किती घट्ट किंवा किती सैल बांधलेली आहेत, याचा त्या आकड्यांशी संबंध आहे. तुझी खिडकी आणि त्यांचे आकडे एकाच जातीचे प्रश्न आहेत. पुस्तक दोन रात्रींत संपलं याचं मला नवल वाटत नाही. तू ते रोज शेडमध्ये बघत होतास.

आता जरा थांब. तू शब्दात लिहिलं नाहीस, पण ओळींमधून दिसतं की त्या ग्लासांचं कारण तुला कळलेलं आहे असं तुला वाटतं. तुला ती जात वाटते. असेलही, आपल्याकडे तसं असण्याचीच शक्यता जास्त. पण ते ग्लास कुणाचे, हे तू पत्रात लिहिलेलंच नाहीस. शेड झाडायला येणाऱ्या मावशींचे? कास्टिंगचा टेम्पो घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचे? बाहेरच्या राज्यातून आलेल्या दोन हेल्परचे? तंबाखू खाणाऱ्यांचे? प्रत्येक उत्तर वेगळ्या रस्त्यानं जातं. एक जातीकडे, एक परप्रांतीय मजुराकडे, एक बाईमाणसाच्या कामाकडे, एक नुसत्या हुद्द्याकडे, आणि बऱ्याचदा यातली दोन-तीन कारणं एकाच ग्लासात मिसळलेली असतात. आजोबांच्या काळात कारण एक असेल, आज त्याची नुसती सवय उरली असेल. राग येणं साहजिक आहे, मलाही येतो. पण पदवीची वर्षं जातात ती त्या रागाला "कशावरून?" असं विचारण्यात. ते विचारत बसणं तुला आवडेल का, हा खरा प्रश्न आहे.

आणखी एक. हे मी वर्गात पहिल्याच आठवड्यात सांगायचे. ज्यांचे ते ग्लास आहेत त्यांना जाऊन विचारू नकोस. तू मालकाचा मुलगा आहेस. तू विचारलंस तर त्यांना उत्तर द्यावंच लागेल, आणि ते तुला बरं वाटेल असंच देतील. नाही दिलं तर त्यांच्या पोटात गोळा येईल. विचारणारा कोण आहे यावर उत्तर ठरतं. पुस्तकात हे शेवटच्या प्रकरणात येतं, माझ्या मते ते पहिल्या पानावर पाहिजे.

एक प्रसंग सांगते. मी 26 वर्षं जिल्ह्यातल्या एका कॉलेजात हा विषय शिकवला. एकदा दुसऱ्या वर्षाची मुलं घेऊन हुपरीला गेले होते, चांदीच्या कामाचा सर्व्हे करायला. आमची एक विद्यार्थिनी एका दारात बसून फॉर्म भरत होती. समोरच्या मावशी पैंजणाच्या कड्या जोडत होत्या; डोळे फॉर्मवर, बोटं कड्यांवर. "व्यवसाय काय लिहू, मावशी?" "काय न्हाई बाई, घरातच असतोय आमी." पोरीनं रकान्यात लिहिलं, गृहिणी. तेवढ्या वेळात मावशींची वीतभर साखळी पुरी झाली होती. परतीच्या एसटीत मी तिला विचारलं, बोलताना त्यांची बोटं काय करत होती गं? ती बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, माझी आई पण हेच सांगते." पुढच्या खेपेला तिनं फॉर्मच्या तळाला पेननं एक रकाना आखून आणला होता : बोलताना हातात कोणतं काम होतं. त्या एका रकान्यानं आमच्या सगळ्या सर्व्हेचा निष्कर्ष बदलला. समाजशास्त्र शिकून काय येतं, असं कुणी विचारलं की मला तो हातानं आखलेला रकाना आठवतो.

आता आत्यांकडे वळू. त्यांनी तुझी बाजू घेतली ही मोठी गोष्ट, पण त्यांची थोडी गल्लत होते आहे. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत समाजशास्त्र हा ऐच्छिक विषय घेता येतो, 250 गुणांचे दोन पेपर. एमपीएससीची राज्यसेवाही 2025 पासून त्याच वळणावर, लेखी उत्तरांची झाली आहे आणि तिथंही ऐच्छिक विषय आला आहे. पण तो घ्यायला त्या विषयाची पदवी लागत नाही. इंजिनिअर घेतात, डॉक्टर घेतात. म्हणजे नुसत्या एमपीएससीसाठी समाजशास्त्रात बी.ए. करायची गरजच नाही, आणि बी.ए. समाजशास्त्र केलं म्हणून पोस्ट मिळत नाही. स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांत तिशी गाठलेली मुलं तूही पाहिली असशील. परीक्षा द्यायची असेल तर जरूर दे, पण तो वेगळा निर्णय आहे, आणि त्याला किती वर्षं द्यायची हे आधी ठरवून.

"सोपा" या शब्दाबद्दल खरं ते सांगते. पास व्हायला सोपा आहे. गाईड पाठ केलं, अपेक्षित प्रश्न लिहिले, तर बरे मार्कही पडतात. असे कितीतरी पदवीधर मीच घडवले, आणि त्यातल्या काहींना पुढं विषयातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत मांडता येत नव्हतं याची टोचणी मला अजून आहे. नीट शिकायला मात्र अवघड. इंग्रजीत वाचावं लागतं, कारण मुख्य साहित्य तिकडंच आहे. आकडेवारी येते, नमुना कसा निवडायचा ते येतं. गणितापासून सुटका म्हणून येणाऱ्यांची संशोधन पद्धतीच्या पेपरात गाठ पडते. उलट तुझी बारावी सायन्सची आहे, सरासरी आणि आलेख बघून तुला घाम फुटणार नाही. वाया गेलं म्हणतोस ते सगळंच वाया गेलेलं नाही.

मित्र म्हणतात पोरींचा विषय. यावर तुला लाज वाटल्याचं पत्रात जाणवलं, म्हणून स्पष्ट लिहिते. समाजशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1939 पासून पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होत्या. नात्यागोत्यांची रचना समजून घ्यायला त्या खेड्यापाड्यांतून, वाटेल त्या वाहनानं हिंडल्या. त्यांच्याबरोबरीचं काम फार थोड्यांनी केलं. कला शाखेच्या वर्गात मुली जास्त दिसतात, ते मात्र खरं. का दिसतात? फी काही हजारांत भागते, कॉलेज एसटीच्या टप्प्यात असतं, लग्न ठरेपर्यंत पोरगी "शिकतीय" असं सांगता येतं, आणि मोठी फी भरायची वेळ आली की ती मुलासाठी राखून ठेवलेली असते. तुझ्या मामेबहिणीला विचार, तिनं हा विषय निवडला की तिच्या वाट्याला आला. ती जे सांगेल त्यावर एक अख्खा प्रबंध उभा राहील. हा मजकूर वाचणाऱ्या मुलींनो, तुम्हाला हा विषय जवळचा आणि स्वस्त म्हणून मिळाला असेल तरी तो तुमचाच आहे. मिळाला आहे तर दोन्ही हातांनी घ्या.

पुण्या-मुंबईचं काय? मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 मध्ये सुरू झाला, घुर्ये यांच्यासारखे प्राध्यापक तिथं घडले आणि त्यांनी पुढच्या पिढ्या घडवल्या. शिवाजी विद्यापीठच मुळात 1962 चं. जुन्या विभागांचं ग्रंथालय, संगत, इंग्रजीचा सराव, याला मोल आहे. पण ते एम.ए.ला महत्त्वाचं. पदवीला तुला विषय पाहिजे, आणि तो तुझ्या पायाखाली आहे.

दसरा चौकात एकदा नुसता उभा राहून बघ. जैन बोर्डिंग, मुस्लिम बोर्डिंग, लिंगायत बोर्डिंग, हाकेच्या अंतरावर. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं आणि त्यापाठोपाठ एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. ज्या राजानं, म्हणजे शाहू महाराजांनी, 26 जुलै 1902 ला संस्थानच्या नोकऱ्यांत मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, जातिभेदावर इतके घाव घातले, त्यानंच जातवार वसतिगृहं का काढू दिली? आपण लहानपणापासून त्या पाट्या वाचत जातो आणि हा प्रश्न पडत नाही. उत्तर शोधायला लागलास की तुला त्या काळच्या पंगती दिसतील, कोणाच्या हातचं कोण खात होतं ते दिसेल, एखाद्या समाजानं आपल्या पोराला शहरात ठेवायचं धाडस कधी केलं आणि कशाच्या भरवशावर केलं ते दिसेल. बोर्डिंगचं जेवणघर आणि तुझ्या शेडची खिडकी यांच्यामध्ये सव्वाशे वर्षं आहेत. प्रश्न मात्र ओळखीचा वाटेल.

नाहीतर शिरोळ तालुक्यातलं हेरवाड घे. मे 2022 मध्ये तिथल्या ग्रामसभेनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला : नवरा गेल्यावर कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, जोडवी काढणं थांबवायचं. राज्य सरकारनं त्याची दखल घेऊन बाकीच्या गावांनाही तसं आवाहन केलं. ठराव झाला म्हणजे प्रथा थांबली का? कुणाच्या घरात थांबली, कुणाच्या नाही, अंत्यविधीच्या दिवशी कोण पुढं झालं, सासूनं काय केलं, जावेनं काय केलं? कायदा कुठं संपतो आणि चालरीत कुठं सुरू होते, हे समजायला परदेशातलं पुस्तक लागेल तसंच एसटीचं तिकीटही लागेल. तिकडं उसाच्या हंगामात मराठवाड्यातून येणाऱ्या तोडकऱ्यांच्या खोपी आहेत, इचलकरंजीचे माग आहेत, पेठापेठांच्या तालमी आणि त्यांचं फुटबॉलचं वैर आहे. आपला संघ कोणता हे कोल्हापुरातलं पोरगं निवडत नाही, ते पेठेबरोबर मिळतं. का बरं? यावर मी एका मुलाकडून 40 पानं लिहून घेतली होती. ती मी अजून जपून ठेवली आहेत.

कॉलेज निवडताना नाव बघू नकोस, विभाग बघ. प्रवेशाच्या गर्दीआधी तिथं जा, परवानगी काढून एखाद्या तासाला मागं बस. बाई किंवा सर नोट्स सांगून लिहून घेत असतील आणि तासभर एकही प्रश्न आला नसेल, तर समज. ग्रंथालयात पुस्तकं तुला कपाटाशी जाऊन बघता येतात का? मागच्या वर्षी मुलं क्षेत्रभेटीला कुठं गेली होती, आणि परत आल्यावर काय लिहिलं, हे विचार. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आता पदवी तीन वर्षांची किंवा ऑनर्सची चार वर्षांची, मुख्य विषयाबरोबर दुय्यम विषय, आणि अभ्यासक्रमातच क्षेत्र प्रकल्प आणि प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण आहे. कागदावर सोन्यासारखी संधी आहे. काही ठिकाणी ती खरोखर वापरतात, काही ठिकाणी फाईलला फोटो लावून मोकळे होतात. दुय्यम विषय निवडताना अर्थशास्त्र किंवा सांख्यिकी मिळत असेल तर ते घे. कोणत्या विषयांची जोडी मिळते हे कॉलेजप्रमाणे बदलतं, फॉर्म भरायच्या आधी विचारून घे. मागाहून बदलताना फार वणवण होते.

आता पगाराचं. पप्पांचा प्रश्न बोचरा असला तरी खोटा नाही, आणि त्याला उत्तर देताना मी तुला गोड बोलणार नाही. नुसत्या बी.ए. समाजशास्त्रावर कोल्हापुरात कुणी तुला बोलावून नोकरी देणार नाही. प्राध्यापक व्हायचं तर एम.ए., मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा, आणि त्यानंतरही कायम जागा निघण्याची वाट. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं झिजणारी हुशार माणसं मी जवळून पाहिली आहेत. हा रस्ता त्यांची परवड डोळ्यांसमोर ठेवूनच निवडावा. बी.एड. करून शिकवायचं म्हटलं तर कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय आहे, पण तिथंही एम.ए. लागतं आणि जागा थोड्या.

तुझ्यासाठी मला दुसरेच रस्ते जास्त मोकळे दिसतात. बी.ए. नंतर एम.एस.डब्ल्यू., म्हणजे समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी, हा एक. कोल्हापुरातच सायबर या संस्थेत ते शिकता येतं, आणि मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेचा दरवाजा आहे, तुळजापूरलाही तिचं केंद्र आहे. हा रस्ता थेट तुझ्या ओळखीच्या जगात येतो : मोठ्या कारखान्यांना कायद्यानंच कामगार कल्याण अधिकारी नेमावा लागतो. ज्यानं लहानपणापासून लेथचा आवाज ऐकला आहे, हेल्पर आणि टर्नर यांच्यातला फरक ज्याला हातांवरून कळतो, असा माणूस त्या खुर्चीत बसला तर किती फरक पडेल. तीन वर्षांचं एलएल.बी. आहे, कामगार कायद्यात काम करणाऱ्यांना समाजशास्त्राचा पाया फार उपयोगी पडतो. सर्व्हे करणाऱ्या संस्था आहेत, पत्रकारिता आहे. आणि 2027 ची जनगणना जातींची नोंद घेणार आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी शेवटची 1931 ला पूर्ण झाली होती. ते आकडे बाहेर आले की त्यांचा अर्थ लावणारी, गावात जाऊन पडताळणारी माणसं लागतील. तू तेव्हा पदवीच्या मध्यावर असशील.

यातल्या कोणत्याही रस्त्यावर एक जोडकाम मात्र हातात पाहिजे. एक्सेल इतकं यावं की 500 फॉर्मची माहिती एका संध्याकाळी मांडता यावी. मराठीत अडखळल्याशिवाय दोन पानं लिहिता यावीत. इंग्रजीतलं एक प्रकरण डिक्शनरी घेऊन का होईना, आठवड्यात संपवता यावं. ज्या विद्यार्थ्यांनी हे केलं ते कुठं ना कुठं लागले. ज्यांनी फक्त डिग्रीची वाट बघितली, त्यांचे फोन मला अजून येतात, आणि फोन ठेवल्यावर मला बराच वेळ दुसरं काही सुचत नाही.

निर्णयाआधी स्वतःला तपासायला 15 दिवस घे. तू विषयाकडे निघाला आहेस की सीईटीपासून पळतो आहेस, हे तुझं तुलाही अजून कळलेलं नसेल. दोन्ही एकदम खरं असू शकतं, त्यात काही गैर नाही. मराठी विश्वकोश इंटरनेटवर फुकट आहे; समाजशास्त्र, जातिसंस्था, कुटुंबसंस्था यांवरच्या नोंदी वाच. 1916 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात 25 वर्षांच्या आंबेडकरांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला होता, तो मराठीतही मिळतो. हळूहळू, शिसपेन्सिल हातात घेऊन वाच. जातीतल्या जातीत लग्नाचं बंधन हे जातिव्यवस्थेचं मूळ, हा त्यांचा मुद्दा ते कसा पायरीपायरीनं सिद्ध करतात ते बघ. शिवाय रोज अर्धा तास सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर बस आणि फक्त दिसतं ते लिही. "गरीब बाई", "उर्मट कंडक्टर" असं नाही. कोण कुठं उभारलं, कुणी कुणाला जागा दिली, कोण खाली बसलं आणि बाक मोकळा असताना का बसलं, एवढंच. सहाव्या-सातव्या दिवशी कंटाळा आला तर प्रामाणिकपणे कबूल कर आणि डिप्लोमाचा विचार नव्यानं कर; डिप्लोमा हा काही पराभव नाही. आणि वही भरत गेली, तर फॉर्म भर. घरच्या अडचणीनं शेड सोडता येत नसेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठातून समाजशास्त्रात बी.ए. ऑनर्स करता येतं. वर्गातली भांडणं आणि क्षेत्रभेटी हुकतात, पण विषय हुकत नाही. नोकरी सांभाळून शिकू पाहणाऱ्या मोठ्या वयाच्या वाचकांनीही हे ध्यानात ठेवावं.

राहिले पप्पा. तू विचारलंस, त्यांना कसं पटवू. मी म्हणते, महिनाभर पटवूच नकोस, त्यांची मुलाखत घे. थट्टा नाही. सुट्टीच्या दिवशी शेड बंद असताना त्यांच्याजवळ बस, वही घे आणि विचार : लेथ तुम्हाला कुणी शिकवला? पहिल्या शेडमध्ये तुम्हाला कुणाच्या ओळखीनं घेतलं? तेव्हा तुमच्याबरोबर कोण कोण होतं, कुठल्या गावचं, ते आता काय करतात? आजोबा काय काम करायचे, आणि तुम्ही ते का सोडलं? स्वतःचं पहिलं मशीन घेताना पैसे कुणी दिले, आणि कोण नाही म्हणालं? तुम्हाला काय व्हायचं होतं? शेवटचा प्रश्न त्यांना आयुष्यात कुणी विचारला असेल असं मला वाटत नाही.

त्यांचा "पगार कोण देणार" हा प्रश्न कुठून येतो ते तुला त्या वहीत सापडेल. डिग्रीवाली पोरं कामाला मागत दारात आलेली त्यांनी पाहिली असतील. एखाद्या मंदीत मशीन विकायची वेळ आली असेल. त्यांचा विरोध अडाणीपणाचा आहे असं तू धरून चालला आहेस. पत्रात तू "त्यांना यातलं काय कळतंय" असं वाक्य लिहिलं आहेस. ते वाक्य खोड. उद्यमनगराबद्दल त्यांना जे ठाऊक आहे ते कुठल्याही पुस्तकात नाही, आणि तू ज्या विषयाचा विद्यार्थी होऊ पाहतोस त्या विषयाला ते हवं आहे.

ऐकून झाल्यावर मग तुझं सांग, आणि कागदावर सांग. फी किती, प्रवासाचा खर्च किती, शेडमध्ये रोज कोणत्या वेळी तू हजर असशील, पहिल्या वर्षाअखेर काय दाखवशील, बी.ए. नंतरचे दोन रस्ते कोणते. "एक वर्ष द्या" असं माग; तीन वर्षांचा शब्द मागितला तर कोणताही बाप बिचकेल. आई बोलत नाहीत असं तू दोनदा लिहिलंस. त्यांनाही एक संध्याकाळ दे. न बोलणाऱ्या माणसाचं मत नसतं असं धरून चालू नकोस. हुपरीच्या त्या मावशींचा रकाना आठव.

आणि ग्लासांचं पप्पांनाच विचार. पण मुलाखतीच्या शेवटी, वही मिटल्यावर, आरोपाच्या सुरात नाही. "ते दोन ग्लास खिडकीत कधीपासून आहेत?" एवढंच. "का" विचारू नकोस, "कधीपासून" विचार. "का" म्हटलं की माणूस बचावाला उभा राहतो, "कधीपासून" म्हटलं की तो आठवायला लागतो. कदाचित ते म्हणतील, मला ठाऊक नाही. कदाचित दुसऱ्या दिवशी ते स्वतः त्या खिडकीकडे बघतील. चहाचा ट्रे आत आणायचं काम आजपासून तू तुझ्याकडे घे, सगळे ग्लास एकाच ट्रेमध्ये ठेव, आणि काय होतं ते त्याच रात्री लिहून काढ : कोण आधी उचलतं, कोण थांबतं, कोण काही न बोलता पुन्हा खिडकीत नेऊन ठेवतं. ती पानं मला पाठव. मी वाट बघते.